खुणेचं अंडं

कुसुमताईनं मला पहिला दणका घातला तो माझ्या लग्नानंतर अकराव्या दिवशी. कालवणात मीठ जास्त पडलं होतं. तिनं एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि हातातली उलथनी माझ्या पाठीत घातली. "आता जन्मात विसरायची न्हाईस," म्हणाली. मीही काही गरीब गाय नव्हते. तीच उलथनी तिच्या हातातून हिसकून अंगणात भिरकावली आणि म्हटलं, "परत हात लावलात तर दात घशात घालीन." ती माझ्याकडं बघतच राहिली. मग खो खो हसायला लागली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "खंडूनं बरी शोधून आणली," म्हणाली. तेव्हापासून आम्हा जावाजावांचं जमलं. रोज भांडतो, एकमेकींच्या सात पिढ्या काढतो, पण एकीच्या घरची वाटी दुसरीकडं गेल्याशिवाय घास खाली उतरत नाही.

आता मी तिची गोष्ट सांगायला बसले आहे ती तिची आरती ओवाळायला नाही, सांगून ठेवते. जे झालं त्यात माझाही हात होता. अगदी खरोखरचा हात, हा उजवा.

कुसुमताई माझी थोरली जाऊ. माझा नवरा खंडू तिचा धाकटा दीर. आमची वस्ती चाकणजवळ, निघोज्याच्या पुढं, नदीच्या अंगाला. शेत होतं ते गेलं, आता तिन्ही बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आहेत आणि दिवसरात्र प्रेसचा धाड धाड आवाज. उरल्या जागेवर दोघा भावांनी एकेक घर बांधलं आणि पाठीमागं आठ खोल्या काढल्या. त्यात बाहेरगावाहून कंपनीत कामाला आलेली माणसं भाड्यानं राहतात. घरं आणि खोल्या यांच्यामध्ये एकच मोठं परस. त्या परसात कुसुमताईच्या कोंबड्या, आणि आमच्या भिंतीला लागून कंपनीतून आणलेल्या जुन्या लाकडी पॅलेटची थप्पी. हिवाळ्यात अंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापतं.

तिचा हात असा का झाला तेही सांगते. दौलतराव, म्हणजे आमचे थोरले दीर, प्याले की तिला मारायचे. तिची दोन पोटं तशीच पडली. तिसरं सातव्या महिन्यात त्यांच्या लाथेनं गेलं. मुलगा होता. त्यानंतर सव्वा महिना ती कुणाशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी ते पुन्हा हात उगारून आले, तर तिनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्यांचा दंड मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तिनंच त्यांना जीपमध्ये घालून राजगुरुनगरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर दौलतराव स्वतः म्हणाले, "गाडीवरून पडलो." पुढं वीस वर्षं जगले, पण बायकोच्या अंगाला बोट लावलं नाही. मूल मात्र पुन्हा झालंच नाही.

तेव्हापासून आमच्या घरात हात उचलला जायचा तो कुसुमताईचाच. जमिनीची मोजणी करायला माणसं आली, तर एकाचं डोकं तिनं धोंड्यानं फोडलं. खोल्यांतल्या एका बाईला कामावर नेणारा मुकादम वाकडं बोलला, तर त्याला चपलेनं मारत फाट्यापर्यंत नेलं. खुराड्यात मुंगूस शिरलं, तर त्याला हातानं शेपटीला धरून भिंतीवर आपटलं. दोनदा. लोक तिला भ्यायचे आणि अडल्यावर तिच्याचकडं यायचे. मला तर त्या हाताचा अभिमान वाटायचा. आमच्याकडं वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती होती?

दौलतराव गेले आणि तिनं कोंबड्या पाळल्या. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळ्या गावरान. त्यांच्याशी ती जेवढं गोड बोलायची तेवढं माणसाशी कधी बोलली नाही. खुराड्यात भाताचा पेंढा घातलेली एक पाटी असायची, कोंबड्या तिच्यातच अंडी घालायच्या. सगळी अंडी कधी उचलायची नाहीत, हा तिचा नेम. एक अंडं पाटीत ठेवायचं, त्याच्यावर कोळशानं फुली मारायची. ते खुणेचं अंडं. जुनं झालं की दुसऱ्यावर फुली मारून ते बदलायचं. "पाटी मोकळी दिसली की त्यांना वाटतं हितं आपलं काय ऱ्हात न्हाई," मला सांगायची. "मग त्या दुसरीकडं जागा शोधत्यात. बाईमाणसासारखंच हाय गं."

गेल्या वर्षी पाच नंबरच्या खोलीत निरंजन आणि तनुजा राहायला आले. लातूरकडचं जोडपं. तो शेजारच्या कंपनीत प्रेसवर, कंत्राटावर. बोलायला गोड, हसरा, कुणाचंही काम करायला पुढं. तिसऱ्या शिफ्टवरून सकाळी आला की झोपायच्या आधी कुसुमताईला पाण्याच्या दोन कळश्या भरून द्यायचा. साहेबानं त्याला सांगितलं होतं, शिमग्यापर्यंत टिकलास तर पक्कं करतो. तनुजा एवढीशी, चिमणीच्या हाडाची, आणि तिला दिवस गेलेले. कुसुमताईला कळलं त्या दिवसापासून रोज सकाळी एक उकडलेलं अंडं वाटीत घालून ती पाच नंबरच्या दारात उभी. समोर खाऊन घेतल्याशिवाय हलायची नाही. तनुजाला वासानं मळमळायचं. "नको मावशी," म्हणायची. "गप गिळ," कुसुमताई म्हणायची. "माजी तीन गेली. तुजं जाऊ द्यायची न्हाई मी."

मला सुरुवातीला राग यायचा. सख्ख्या जावेला अंडं विचारायची नाही आणि भाडेकरणीला वाटी! मी एकदा बोलूनही दाखवलं. "तुजं पोट आता दळणानं वाढलंय, अंड्यानं न्हाई वाढायचं," म्हणाली. झालं माझं समाधान.

पौषातल्या अमावास्येला तनुजा नळावर चक्कर येऊन पडली. सातवा महिना होता. कुसुमताईचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. सातव्याची तिला दहशत होती. पोरीला उचलून खोलीत नेलं, पाणी पाजलं, डॉक्टरकडं नेऊन आणलं. अशक्तपणा आहे, बाकी ठीक, असं ते म्हणाले. पण कुसुमताईचं त्यावर भागेना. दिवेलागणीला ती खुराड्यात गेली. त्या दिवशीची अंडी सकाळीच संपली होती. पाटीत एकच होतं, खुणेचं. तेच तिनं उचललं, तांदूळ घेतले, कुंकू घेतलं, तनुजावरून सात वेळा ओवाळलं आणि तिवाट्यावर ठेवून आली.

आमच्याकडं उतारा टाकून आल्यावर मागं वळून बघायचं नाही, आणि त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. काढला की टळलेलं माघारी येतं म्हणतात. कुसुमताईनं पाय धुतले आणि ती गोष्ट डोक्यातूनच काढून टाकली. तिसऱ्या दिवशी मी खुराड्यात डोकावले तेव्हा पाटी रिकामी दिसली. माझ्या जिभेवर आलं होतं, ताई, खुणेचं ठेवलं नाहीत. पण मग अमावास्येचं नाव निघालं असतं, आणि पोरीचं पोट पुढं आलेलं. मी ओठ आवळले. देवाशपथ सांगते, भल्यासाठीच आवळले.

अंडी बंद झाली. एक नाही, दोन नाही, सहाच्या सहा कोंबड्यांची. कुसुमताईनं लसूण ठेचून घातला, ज्वारीत मिरची घातली, बाजरी बदलली. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर शेजारी गाय बघायला आला होता, त्याला हाताला धरून खुराड्यापाशी आणलं. तो म्हणाला, "थंडीत दिवस लहान असतो आजी, उजेड कमी पडला की अंडी कमी होतात. संध्याकाळी तीनचार तास दिवा लावा." तिनं खुराड्यात दिवा लावला. काही उपयोग झाला नाही. पाच नंबरच्या दारातली सकाळची वाटी बंद झाली. दुकानातली पांढरी अंडी आणली, तर तनुजानं ती उलटून टाकली.

आठ दिवस झाले, नऊ दिवस झाले. कुसुमताईला झोप लागेना. सारखी महिने मोजायची. त्यात नवव्या दिवशी चितळी कोंबडी नाहीशी झाली, सगळ्यांत जास्त अंडी देणारी. कुसुमताईनं वस्ती पालथी घातली, पीसही सापडलं नाही. दहाव्या दिवशी ती सकाळीच परसात विळी घेऊन बसली. तांबडी कोंबडी तिच्या पायाशी घुटमळत होती. "खायाला काळ आणि भुईला भार," असं म्हणत तिनं तिची मान धरली आणि एका झटक्यात कापली. रक्त माझ्या पायापर्यंत उडालं. धड परसभर फडफडत फिरलं, आणि बाकीच्या कोंबड्या एकमेकींवर चढून कोपऱ्यात कोंबल्या.

कुसुमताईनं पोट फाडलं आणि थांबली. आत पिवळ्या बलकांची माळ होती, लहानमोठी, द्राक्षाच्या घडासारखी. आणि शेवटाला कवच धरलेलं अख्खं अंडं, ऊनऊन. आज घातलंच असतं तिनं.

"माले," कुसुमताई मला हळूच म्हणाली, "ह्या अंडी देत्यात गं."

तिला खात्री हवी होती. तिनं काळीला धरलं. तिच्याही पोटात तेच. दोन अंडी तळहातावर घेऊन ती बसून राहिली, कोपरापर्यंत रक्त, आणि तिच्या तोंडावर जे काही आलं ते बघून मी मागं सरले. "कोणतरी नेतंय," म्हणाली. "पोटुशीच्या तोंडातलं काढून नेतंय. घरातलंच कुणी असंल." आणि माझ्याकडं बघितलं.

अगं बाई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या घराची झडती घ्या," मी ओरडले. "चुलीतली राख चाळून बघा. मला चोर म्हणता?" खंडू घरातून बाहेर आला, तोही भडकला. असं ते भांडण झालं की तीन दिवस आमच्या वाट्या इकडच्या तिकडं गेल्या नाहीत. मी तीन दिवस आतल्या आत धुमसत होते. हे सगळं अशासाठी सांगते की पुढं जे घडलं ते अंगात भूत शिरून घडलं नाही, आम्ही ते आधीपासून तापवत ठेवलं होतं.

तेराव्या दिवशी, सकाळी सातचा सुमार. निरंजन शिफ्टवरून आला. पाणी तापवायला लाकूड हवं म्हणून थप्पीकडं गेला. मी माझ्या ओट्यावर भांडी घासत होते. कुसुमताई परसात थप्पीतलीच एक पट्टी हातात घेऊन चुलीसाठी खिळे उपटत उभी होती. निरंजन थप्पीच्या मागून बाहेर आला. त्याच्या हातात अंडं होतं.

तो हसत होता. ते हसूच त्याला भोवलं. दोन्ही तळव्यांत ते अंडं धरून तो म्हणाला, "मावशी, ओ मावशी, हे बगा..."

पुढचा शब्द त्याला काढता आला नाही. कुसुमताईनं पट्टी दोन्ही हातांनी फिरवली आणि त्याच्या जबड्यावर घातली. आवाज आला. कसला आवाज ते मी सांगत नाही, मला तो अजून भांडी घासताना ऐकू येतो. तो गुडघ्यावर आला, तोंडातून रक्ताची धार लागली. अंडं मात्र त्यानं हातातून सोडलं नव्हतं. "बायको तिकडं चक्कर येऊन पडतीय आणि तू तिचं चोरून खातोस, भाड्या!" तिनं दुसरा तडाखा खांद्यावर घातला, तिसरा पाठीवर. "माजी चितळी पण तूच खाल्लीस!"

त्याला बोलता येईना. जबडा लोंबत होता. त्यानं हात लांब केला आणि बोट दाखवलं, तो आला होता तिकडं, थप्पीकडं. पण थप्पीच्या मागं आमची भिंत. आणि भिंतीच्या दारात खंडू उभा, तोंडात ब्रश.

"काय रे?" खंडू म्हणाला. "माझ्या घराकडं बोट दाखवतो? आमी चोर व्हय?"

तीन दिवसांचं सगळं त्याच्या पायात उतरलं. त्यानं धावत येऊन निरंजनच्या बरगडीत लाथ घातली. अंडं त्याच्या टाचेखाली फुटलं. आणि मी? मी हात धुतले नाहीत की पुसले नाहीत. राखेनं भरलेल्या हातानं त्या पडलेल्या माणसाचे केस धरून वर ओढले आणि दोन मुस्काटात दिल्या. "बोल!" म्हणत होते मी. "बोल ना आता!" ज्याचा जबडा मोडला त्याला मी बोल म्हणत होते.

तनुजा खोलीतून कशी आली ते मी पाहिलं नाही. एकदम ती त्याच्यावर आडवी पडली, एवढं मोठं पोट घेऊन. कुसुमताईची पट्टी वर गेली होती, ती तशीच राहिली. "बाजूला हो पोरी," ती धापा टाकत म्हणाली. "तुज्यासाठीच मारतीय मी."

तनुजानं मान वर केली. रडत नव्हती. तिनं आमच्या तिघांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं, आणि मला का कुणास ठाऊक, माझ्या हातावरची राख दिसायला लागली.

चाकणच्या दवाखान्यात आम्हीच नेलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, बरगडीला चीर. पोलिसांचा विषय निघू नये म्हणून मी पुढं झाले आणि म्हटलं, "गाडीवरून पडला." डॉक्टरांनी माझ्याकडं नीट पाहिलं. निरंजननं डोळे मिटून घेतले. परमुलखात आलेला माणूस, गावच्या लोकांशी वैर कोण घेणार? त्याचा जबडा तारेनं बांधला. सहा दिवसांनी तो खोलीवर आला. नळीनं पातळ प्यायचा. कंत्राटदारानं तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता.

मग सुरू झालं ते फार वाईट होतं. ओरडणं नाही, भांडण नाही. पाच नंबरचं दार बंद. तनुजा पाण्याला यायची, कुसुमताई नळावर असली तर ती जाईपर्यंत दारात थांबायची. दिवसातून दोनदा थप्पीकडं जायची, पदराखाली काहीतरी धरून, आणि रिकाम्या हातानं परत यायची. लाकूडही आणायची नाही. मी पाहिलं, पण विचारायला तोंड कुठं होतं?

कुसुमताई आधी तोऱ्यात होती. "चोराला शिक्षा झाली," म्हणायची. पण अंडी काही यायला लागली नाहीत. चोर खाटेवर पडलेला, तरी पाटी रिकामी. कंपाउंडर पुन्हा दिसला तेव्हा मीच विचारलं. त्यानं उरलेल्या तीन कोंबड्या बघितल्या. पाय वाजला तरी त्या भिंतीला चिकटत होत्या. "ह्यांच्यासमोर काय कापलंत का? मारामारी वगैरे झाली का?" त्यानं विचारलं. "भ्यालेली कोंबडी अंडं देत नाही, काकू. आता खरंच बंद झाली ह्यांची." हे मी कुसुमताईला सांगितलं.  त्या दिवशी तिनं जेवण केलं नाही.

मारल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी पाच नंबरपुढं टेम्पो उभा राहिला. गादी, गॅस, दोन पत्र्याच्या पेट्या चढल्या. निरंजन दाराशी बसला होता, जबडा बांधलेला, अंगातला शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. कुसुमताई परसाच्या मधोमध उभी. ह्या पोरीला जाऊ द्यायचं नाही असं तिच्या मनात होतं, पण थांब म्हणायला तिला जीभ नव्हती. मी ओट्यावर.

तनुजा सामान सोडून थप्पीपाशी गेली. वाकता येत नव्हतं, तरी एक पॅलेट धरून तिनं बाजूला ओढलं. आणि मागच्या फटीतून चितळी बाहेर आली.

वाळली होती, पिसं विस्कटलेली. तिच्या मागून एक पिल्लू आलं. मग दोन. मग एकदमच बाकीची. नऊ पिल्लं, अंगावरची लव नुकती वाळलेली. चितळी त्यांना हाकत परसात आली, जिथं ते रक्त सांडलं होतं तिथंच, आणि पायानं माती उकरायला लागली.

कुणी हललं नाही. टेम्पोवाल्यानंही दोरी तशीच हातात धरली होती. माझ्या डोक्यात मात्र सगळं एकदम फिरलं. अमावास्या. मोकळी पाटी. सहा कोंबड्यांनी थप्पीमागं जागा शोधलेली. चितळी खुडूक होऊन त्या ढिगावर उबवायला बसलेली. आणि तो पोरगा हसत हसत तेच सांगायला आला होता.

"मला ठाऊक होतं," तनुजा म्हणाली. "पहिल्याच दिवशी दवाखान्यात त्यांनी मोबाइलवर लिहून दावलं. थप्पीमागं चितळी बसलीय म्हणून."

"मग सांगितलं का न्हाईस गं?" कुसुमताईचा आवाज फुटला.

"तुमी इचारलाव का?" ती म्हणाली. "तिघांनी मारलं, एकानं तरी इचारलं का, अंडं कुठं गावलं म्हणून? म्या तिला दाणापाणी नेऊन घातलं. उठवली असती तर त्याच दिवशी ह्यांच्यावरचा चोरीचा आळ पुसला असता. पण बसलेलीला कशी उठवू मी? म्हटलं, पिल्लं घेऊनच येऊ दे. तुमच्या डोळ्यांपुढं येऊ दे. एकवीस दिवस मोजले आन् मग टेम्पो सांगितला."

कुसुमताई वळली. मला वाटलं घरात जाते. ती चुलीपाशी गेली आणि ती पट्टी घेऊन आली. जाळली नव्हती, का ते देव जाणे. तनुजाच्या हातात तिनं ती दिली आणि आपला उजवा हात पुढं केला.

"मार," म्हणाली. "ह्याच हातानं मारलं. मोड त्याला."

निरंजन उठला. तोंड उघडेना, तो नुसता मान हलवत होता, हातवारे करत होता, नको नको. मी म्हटलं, "तनुजा, बाई, पोटात लेकरू आहे." मला वाटलं ती पट्टी टाकून देईल. चांगली पोर होती ना, टाकूनच देईल.

तिनं नाही टाकली. पाय रोवले, श्वास घेतला आणि घातली. मनगटाच्या वर, हाडावरच. तोच आवाज आला. चितळी पंख पसरून पिल्लांवर बसली. कुसुमताई मोडलेला हात मांडीवर धरून खाली बसली. तनुजानं पट्टी बाजूला ठेवली, नीट भिंतीला टेकवून. मग माझ्याकडं बघितलं. मी ओट्यावरून उतरले होते. माझा हातही पुढं करायला हवा होता, मला कळत होतं. मी केला नाही. आजवर स्वतःला ते माफ केलेलं नाही.

कुसुमताईनं डाव्या हातानं चितळीकडं बोट दाखवलं. "घेऊन जा," म्हणाली. "पिल्लांसकट ने. तुजीच हायेत."

"ऱ्हाऊ द्या," तनुजा म्हणाली. "रोज बघा त्यांच्याकडं."

टेम्पो तळेगावच्या रस्त्याला लागला. बाळ झालं का, काय झालं, आम्हाला कुणी कळवलं नाही.

मी कुसुमताईला चाकणला नेलं. तेच डॉक्टर होते. हाताचा फोटो काढला, दोन्ही हाडं मोडली होती. प्लास्टर भिजवता भिजवता त्यांनी विचारलं, "कसं झालं आजी?"

कुसुमताई जन्मात कधी दुचाकीवर बसलेली नाही.

"गाडीवरून पडले," म्हणाली.

डॉक्टरांनी आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "तुमच्या वस्तीत लोक गाडीवरून फार पडतात हो," ते म्हणाले.

"आता न्हाई पडायचं कुणी," कुसुमताई म्हणाली, आणि हात पुढं धरला.